दुकानात न बोलायचं वाक्य

हूखव्हर्फांच्या बेकरीत एक वाक्य बोलायचं नाही असा दंडक होता. शिवी चालायची. भट्टीच्या दाराला हात लागून भाजला की घरच्या मुलाच्या, क्राइनच्या, तोंडून जी निघायची, ती ऐकून बंदरावरच्या हमालानंही मान खाली घालावी. पण माल खपला की 'संपलं म्हणजे संपलं' असं गिऱ्हाइकाला म्हणायचं नाही. हॉलंडमधल्या त्या अख्ख्या व्लार्डिंगनमध्ये मासेवाल्यापासून चपलांच्या दुकानापर्यंत सगळे ते म्हणत, सेल लागला की काचेवर रंगवून ठेवत. इथं मात्र म्हणायचं, "आज राहिला नाही बघा, थांबा, दुसरं काहीतरी देतो." आणि खरोखरच काहीतरी द्यायचं, मग तो कालचा पाव का असेना.

क्राइनची बायको लेना लग्न होऊन ह्या घरात आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिच्या तोंडून ते वाक्य निसटलं होतं. सासरा, म्हणजे म्हातारा आरेंड, पिठाने माखलेले हात तसेच घेऊन मागल्या दारानं बाहेर पडला तो जेवायलाही आला नाही. लेनानं नवऱ्याला कारण विचारलं. बाबांना आवडत नाही, एवढंच तो म्हणाला. तिनं पुन्हा विचारलं नाही. भुकेच्या हिवाळ्यातून गेलेल्या घरांमध्ये असलं काही ना काही असायचंच. तिच्या माहेरी बीट शिजवत नसत आणि फुलदाणीत ट्यूलिप ठेवत नसत. तिथंही कुणी कारण सांगितलं नव्हतं.

क्राइनला कारण ठाऊक होतं, कारण ते घडलं त्या दिवशी तो गल्ल्याच्या फळीखाली बसलेला होता. लहान होता, पण सगळं दिसत होतं. लढाईचा शेवटचा हिवाळा, जर्मनांनी अन्नाच्या वाटा बंद केलेल्या, लोक बीट आणि ट्यूलिपचे कांदे उकडून खात होते, आणि भट्टीत घालायला लाकूड नाही म्हणून रात्रीतून रस्त्याकडेची झाडं आणि ट्रामच्या रुळांखालच्या फळ्या काढून नेत होते. बेकरीपुढं रांग लागायची. त्या दिवशी रांगेत शेवटी स्टोल्कबाई होती. दोन घरं सोडून राहायची, मेलेल्या नवऱ्याचा ओव्हरकोट अंगात, तो इतका मोठा की खाली नुसते बुटांचे शेंडे दिसायचे. ती खिडकीशी पोचली तेव्हा फळीवर पाव नव्हता. फळीखाली होता. क्राइनच्या मांडीशी, फडक्यात गुंडाळलेला, अजून गरम.

आरेंडनं उजव्या हाताचा अंगठा डाव्या बाहीला पुसला, ही त्याची सवय, आणि फार नम्रपणे म्हणाला, "संपलं म्हणजे संपलं, बाई. उद्या या."

उद्या ती आली नाही. तिच्या दारापुढं बर्फ तसाच साचून राहिला, तेव्हा शेजाऱ्यांनी दार फोडलं.

तो पाव क्राइननं खाल्ला. आरेंड त्या विषयावर कधी बोलला नाही, नेल्चे, म्हणजे क्राइनची आई, तीही नाही. फक्त ते वाक्य दुकानातून गेलं, आणि मापात काटकसर करणारा हा माणूस गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानं परत पाठवीनासा झाला.

हे बाहेरच्या एकाच माणसाला माहीत होतं. त्याचं नाव एव्हर्ट काल्कमान.

एव्हर्ट मागल्या गल्लीतला. बाप जर्मनीत कामाला नेलेला, परत आला तो फुप्फुस खराब होऊन, लवकरच गेला. आई शिवणकाम करायची. एव्हर्ट आणि क्राइन एकाच बाकावर बसले, एकाच कालव्यावर स्केटिंग शिकले, आणि एकाच मुलीनं दोघांना नाही म्हटलं, तिनं पुढं रॉटरडॅमच्या दंतवैद्याशी लग्न केलं. एव्हर्टला सिनेमाचं वेड. कुठूनसा कॅमेरा पैदा करून त्यानं पहिला सिनेमा गावातच काढला. त्यात एका गावचा नगराध्यक्ष गावजेवणाच्या दिवशी नागडा होऊन चर्चच्या मनोऱ्यावर चढतो आणि लोक खालून त्याच्या कपड्यांची तारीफ करत एकमेकांची डोकी फोडतात. पाद्र्यानं तीन रविवार त्याच्यावर प्रवचन दिलं. त्यामुळं न पाहणारेही पाहून आले.

फुटलेल्या डोक्यांचं रक्त क्राइननं केलं होतं. लाल करंट ह्या आंबट फळाची जेली, साखरेचा पाक आणि थोडा कोको. उजेडात काळपट आणि चिकट, थेट जखमेसारखं. शूटिंग बेकरीच्या मागं चालायचं, आणि नट मंडळी रक्त चाटून संपवायची, म्हणून रोज नवं ढवळावं लागायचं. पडद्यावर शेवटी नावं आली त्यात 'रक्त : क्राइन हूखव्हर्फ' असं आलं. तेव्हापासून गावात त्याला 'रक्तवाला' म्हणू लागले. पाव घ्यायला आलेला माणूस विचारायचा, आजचा माणसाचा का डुकराचा? क्राइन वरवर चिडायचा. आतून त्याला बरं वाटायचं. आपण भट्टीशी उभे राहून आयुष्य काढणार हे त्याला लहानपणापासून माहीत होतं, पण त्या नावाएवढा त्याचा एक पाय ह्या गल्लीच्या बाहेर पडला होता.

त्याच दिवसांतल्या एका पहाटे, पीठ फुगायची वाट बघत दोघं पोत्यांवर बसले असताना, एव्हर्टनं विचारलं होतं की तुमच्या दुकानात ते वाक्य का चालत नाही रे. आणि क्राइननं सांगितलं. पाव, फडकं, ओव्हरकोट, अंगठा, सगळं.  शेवटी एव्हर्टनं तोंड फिरवलं आणि तो रडला. क्राइनला वाटलं, ओझं दोघांत वाटलं गेलं. पुढं कितीतरी वर्षं ते रडणं आठवून त्याला ऊब यायची.

मग एव्हर्ट अमेरिकेला गेला. तिथं त्याचे सिनेमे पुढच्या काळातले झाले, यंत्रं आणि शहरं आणि चिंध्या होणारी माणसं. मारामारी अशी की लोक डोळे झाकायचे, आणि मध्येच जाहिराती अशा गोड की हसू फुटायचं. कुणी म्हणायचं त्याला तुरुंगात सडवा, कुणी म्हणायचं आपल्या काळाचं खरं तोंड त्यानंच दाखवलं. दोन्ही बोलणी त्याला सारखीच मानवायची. वर्तमानपत्रात कुणी शिव्या घातल्या की तो क्राइनला ते कात्रण पाठवायचा, वर लिहून : 'बघ, अजून जिवंत आहे.' डिसेंबरच्या सिंटच्या, म्हणजे भेटी आणणाऱ्या संताच्या सणाच्या, संध्याकाळी मात्र तो शक्यतो घरी यायचा. घरी म्हणजे हूखव्हर्फांकडे. आई गेल्यावर त्याला दुसरं घर राहिलं नव्हतं. बायका दोन झाल्या, दोन्ही गेल्या. हूखव्हर्फांच्या संडासात, तिथल्या घरोघरच्या रीतीप्रमाणे, वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असे, त्यात मार्चच्या पानावर त्याचं नाव नेल्चेच्या अक्षरात होतं.

सत्त्याऐंशीच्या नोव्हेंबरात त्याचा 'अन्नखातं' हा नवा सिनेमा गावच्या थिएटरात लागला. उद्घाटनाला तो स्वतः येणार होता. त्यानं पहिल्या रांगेची तिकिटं पाठवली. नेल्चेचे गुडघे चालत नव्हते, म्हणून क्राइन, लेना आणि म्हातारा आरेंड गेले. आरेंडनं काळा कोट चढवला होता. सिनेमा त्याला कळत नसे, पण आपल्या गल्लीतल्या पोराला नगराध्यक्ष फुलं देणार म्हटल्यावर तो जाणारच होता.

पडद्यावर एक शहर होतं, सगळीकडे काच आणि धूर. लोकांची रांग एका पोलादी कपाटापुढं उभी होती. कपाटाला पाय होते, हात होते, पोटातून अन्नाची पाकिटं निघत होती. पाकिटं संपली. रांगेत शेवटी एक म्हातारी होती, अंगात पुरुषाचा ओव्हरकोट. कपाटानं उजव्या हाताचा पोलादी अंगठा डाव्या बाहीवरून पुसला, कमरेत वाकलं, आणि लोण्यासारख्या आवाजात म्हणालं, "संपलं म्हणजे संपलं, बाई. उद्या या." मग त्याच्या छातीतून बंदुकीच्या दोन नळ्या बाहेर आल्या आणि म्हातारी भिंतभर झाली.

थिएटर हसलं. भीतीनं नाही, मनापासून हसलं, कारण तो आवाज खरोखरच फार नम्र होता. सिनेमात ते कपाट पुन्हा पुन्हा येत राहिलं, आणि शेवटी शेवटी तर अंगठा बाहीकडे जाऊ लागला की लोक आधीच ओरडायचे, संपलं म्हणजे संपलं.

क्राइननं शेजारी पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. आपल्या शेजारची खुर्ची थंड पडल्यासारखी त्याला वाटत होती. दिवे लागले तेव्हा आरेंड उठून उभा राहिला होता, टोपी हातात. तो क्राइनकडे बघत होता. रागानं नाही. लहान पोर चोरी करताना सापडलं तर आधी पकडणाऱ्याची नजर ओळखीची खूण शोधते, हा आपलाच का म्हणून, तसं. मग त्यानं टोपी घातली आणि लेनाला म्हणाला, मला घरी सोड.

बाहेर बिअर आणि गरम तळलेले मटणाचे गोळे चालू होते. एव्हर्टभोवती गर्दी होती. क्राइन घुसला.

"कसा वाटला रं?" एव्हर्ट म्हणाला. त्याची गावची बोली अमेरिकेत धुऊनही गेली नव्हती.

"त्यो अंगठा कुठनं आणलास?"

एव्हर्टनं तोंडातला घास गिळला. "तुला कळलं तर. मला वाटलंच हुतं. दुसऱ्या कुणाला कळायचं न्हाई."

"बाबांस्नी कळलं."

"मग त्यांना आणलंस कशाला?"

"तिकिटं तू धाडलीस."

एव्हर्टनं त्याला खांद्याला धरून बाजूला घेतलं. त्याचं म्हणणं असं होतं की ह्यात आरेंडकाका नाहीतच. ह्यात सगळे आहेत, गोड बोलून माणसं मारणारे सगळे. सरकारं, साहेब लोक, त्या हिवाळ्यात शिक्के मारत बसलेले कारकून. लोक हसतात आणि हसता हसता त्यांच्या घशात अडकतं, तेच तर पाहिजे. आणि नाव कुठं घेतलंय? सिंटच्या कवितेत आपण एकमेकांची सालं काढतो, त्यात कधी कुणी खाली सही करतं का? ही एक मोठी कविता समज.

"सिंटची कविता घरात वाचत्यात," क्राइन म्हणाला. "तिकीट लावून न्हाई."

"क्राइन्या, तू मला सांगितलंस तवा मला वाटलं, तू मला ते दिलंस."

हे तो कोडगेपणानं म्हणाला असता तर क्राइननं त्याच्या तोंडात दिली असती. पण तो खरंच बोलत होता. त्याला खरंच तसं वाटलं होतं. पोत्यावर बसून रडला तेव्हाही बहुधा त्याच्या डोळ्यापुढं पडदाच होता. क्राइनला एकदम आठवलं की रडता रडता त्यानं विचारलं होतं, ओव्हरकोट कुठल्या रंगाचा.

दुसऱ्या दिवसापासून आरेंड भट्टीकडं उतरेनासा झाला. वय झालं तरी रोज पहाटे तो खाली यायचा, पहिला पाव निघाला की उलटा करून बोटाच्या पेरानं तळाला टिचकी मारायचा, कान लावायचा आणि पोकळ वाजला की मान हलवायचा. त्याशिवाय पाव दुकानात जात नसे. आता तो वर खिडकीशी बसून राहिला. क्राइन जेवायला बसला की तो उठायचा. विचारलं तर उत्तर द्यायचा, हवा गार आहे, गुडघा दुखतो, असं, शेजाऱ्याला द्यावं तसं. आणि गावभर ते वाक्य सुटलं होतं. शाळेची पोरं दुकानात यायची, अंगठा बाहीला पुसायची, कमरेत वाकायची. लेनानं एकाला हाकलून दिलं तर त्याची आई भांडायला आली, एवढं काय झालं, सिनेमातलंच तर म्हणाला.

एका दुपारी नेल्चेनं क्राइनला स्वयंपाकघरात बसवलं. ती वाटाणे निवडत होती.

"तू कुणाला सांगितलंस, त्ये येक सोड," ती म्हणाली. "माणूस कुठंतरी बोलतंच. पर त्यालाच?"

"त्यो जवळचा हुता, आई."

"त्या पावाचं काय झालं, ठावं हाय तुला?"

"म्या खाल्ला."

"अर्धा खाल्लास. उरलेला कुणी खाल्ला, कधी इच्चारलंस?"

त्याला नेहमी वाटायचं की तो आईबापांनी खाल्ला. नेल्चे हसली, पण त्यात हसू नव्हतं. आम्ही त्यातला कण तोंडात घातला नाही, ती म्हणाली. एव्हर्टची आई मागल्या दाराशी आली होती, पोराला उचलून, पोराचे पाय सुजलेले. तुझ्या बानं अर्धा पाव तिच्या शालीखाली सरकवला. पुढल्या दारी त्यो स्टोल्कबाईला न्हाई म्हणाला, त्ये तुझ्यासाठी, आन् एव्हर्टसाठीबी. "त्या माऊलीनं मरंस्तोवर त्वांड उघडलं न्हाई. पोराला कळू दिलं न्हाई. आता तूबी कुणाला सांगू नगंस. निदान ह्ये तरी."

क्राइन खाली येऊन पोत्यांवर बसला. एव्हर्टनं जगभर दाखवलेला तो पोलादी अंगठा, त्याच अंगठ्यानं त्याच्यासाठी पाव कापला होता. हे एव्हर्टला सांगितलं तर? बाकी काही करायला नको होतं. हे एक वाक्य त्याच्या पुढ्यात टाकलं असतं, की आयुष्यभर तो स्वतःच्या सिनेमाकडे पाहू शकला नसता. आणि सिंटची संध्याकाळ तोंडावर आली होती.

त्या संध्याकाळची रीत सगळ्या घरांत एकच. दार वाजतं, उंबऱ्यावर पोतं सापडतं, त्यात प्रत्येकाची भेट आणि भेटीबरोबर कविता. कविता सिंट लिहितो. खरी कुणी लिहिली ते सगळ्यांना कळतं आणि कुणी विचारत नाही. त्यात वर्षभराची खोड काढलेली असते, आणि ज्याची कविता त्यानंच ती उभं राहून, मोठ्यानं, शेवटपर्यंत वाचायची. मध्येच थांबता येत नाही, रागावता येत नाही. हूखव्हर्फांच्या घरी कविता नसलेली भेट फक्त परक्याला मिळे. पोस्टमनला, डॉक्टरला, नव्यानं राहायला आलेल्या शेजाऱ्याला.

क्राइननं कविता लिहिली. पाव भाजता भाजता जुळवली, आणि आयुष्यात प्रथमच त्याचं यमक नीट बसलं :

पुढल्या दारी संपला पाव, मागल्या दारी आलं कोण?
सांग एव्हर्ट, आठवतं का, एका पावाचे तुकडे दोन?

पुढं आणखी बरंच होतं. एव्हर्ट ते उभं राहून वाचणार होता. हसत हसत सुरू करणार होता.

एव्हर्ट आला, बर्फ झटकत, हातात फुलं, म्हाताऱ्यांसाठी अमेरिकन लोकरीचे गळपट्टे. सिनेमाचं काही झालंच नाही अशा थाटात तो खुर्च्यांच्या गोलात येऊन बसला. आरेंड आपल्या खुर्चीत होता. मागल्या गल्लीतल्या कुणीतरी दार बडवलं, पोतं आत आलं. लेनानं आपल्या गाडी चालवण्यावरची कविता वाचली, त्यात तिनं मागं घेताना पाडलेला चर्चचा सायकल-स्टँड होता. नेल्चेनं आपल्या कवळीवरची वाचली आणि वाचता वाचता कवळी निसटली, त्यावर सगळे रडेपर्यंत हसले. मग क्राइनची निघाली. एव्हर्टनंच लिहिलेली, दिसतच होतं. रक्तवाल्याच्या पोटावर, त्याच्या न सुटलेल्या गल्लीवर, करंट जेलीनं माखलेल्या त्याच्या अमरत्वावर. फार छान होती. क्राइननं ती शेवटपर्यंत वाचली. सगळे हसले. आरेंड हसला नाही, पण तो क्राइनकडं बघत होता. थिएटरात बघितलं होतं तसंच.

पोत्यात शेवटी एव्हर्टची भेट राहिली. त्याची कविता क्राइनच्या सदऱ्याच्या खिशात होती. भेटीला बांधायची म्हणून ठेवलेली आणि बांधलेली नव्हती. कागदाचं टोक खिशातून वर आलं होतं. क्राइनचा हात तिकडं गेला. नेल्चेनं मांडीवरचे हात घट्ट धरले. क्राइनचा हात तसाच खाली आला.

एव्हर्टनं खोका उघडला. बदामाच्या सारणाची, भट्टीतून संध्याकाळीच काढलेली पेस्ट्री होती, 'ए' अक्षराची, वर चेरी. त्यानं खोका उलटा केला, कागद उलगडून पाहिला.

"कविता?" तो म्हणाला.

"सिंटला यंदा काय सुचलं न्हाई," क्राइन म्हणाला.

"माझ्यावर? अरे, माझ्यावर तर वर्तमानपत्रात रोज..." तो हसला, आणि हसता हसता गोलावरून नजर फिरवली. कुणी त्याच्याकडं पाहत नव्हतं. नेल्चे गळपट्ट्याची घडी घालत होती. जगभर ज्यानं सगळ्यांची सालं काढली, तो खोका हातात धरून बसला. पाय आखडून, टोकावर, पहिल्यांदाच घरात आलेला पाहुणा बसतो तसा.

आरेंड खुर्चीतून उठला. किटली उचलली. आयुष्यभर त्यानं ह्या पोराला "ये रे एव्या, बस रे एव्या" असंच म्हटलं होतं. आता त्याची बोली बदलली, बँकेत बोलायची ती झाली, स्वच्छ आणि सावकाश.

"आपण आणखी कॉफी घेणार का, काल्कमान साहेब? आपल्याला लांब जायचं असेल."

एव्हर्ट त्याच्याकडं पाहत राहिला. "नको," म्हणाला. मग, "आभारी आहे." त्यालाही गावची बोली सापडली नाही. लेनानं बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावलं. तो गेला तेव्हा दारापर्यंत क्राइन गेला. दोघं क्षणभर उंबऱ्यावर थांबले, आणि एव्हर्टला विचारायचं होतं ते त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर क्राइनला तोंड आवरलं असतं की नाही, कोण जाणे. पेस्ट्री एव्हर्ट तिथंच विसरून गेला होता.

पहाटे क्राइननं भट्टीत आग धरायला तो कागद घातला. पहिला पाव निघाला तेव्हा जिन्यावर सपातांचा आवाज आला.

आरेंड खाली आला. भिंतीला टेकला. भट्टीची ऊब घेऊ लागला.

"मला वाटलं, तू त्येला वाचाय लावशील," तो म्हणाला.

"लिवलं हुतं."

"ठावं हाय. कागद दिसत हुता खिशात." त्यानं पाव उलटा केला, तळाला टिचकी मारली, कान लावला. "आई बोलली मला, तुला सांगितलं म्हणून. लई वरडलो तिच्यावर." मग मान हलवली. पाव चांगला झाला होता.

 बापानं पुढचा पाव घेतला, त्याला पीठ जास्त लागलेलं होतं, म्हाताऱ्याच्या अंगठ्याला पांढरं लागलं. अंगठा आपसूक डाव्या बाहीकडं निघाला.

आणि अर्ध्या वाटेत थांबला.

आरेंडनं हात आपल्या डोळ्यांपुढं धरला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मग खाली सोडला. पीठ पुसलं नाही. तसाच, पांढरा अंगठा शरीरापासून जरा लांब धरून, तो बाकीचे पाव वाजवत राहिला.